नामांचे लिंग आणि अनुवादाचे इमान

व्याकरणातील लिंगविचार हा शाळेच्या पुस्तकात शिकून परीक्षेनंतर विसरून जाण्याचा विषय आहे, अशी आपल्याकडे एक समजूत रूढ झालेली दिसते. मोरो केशव दामले यांनी १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त या विषयाचा जो कसून विचार केला, तो व्याकरणाच्या अभ्यासकांपुरताच राहिला. साहित्याच्या टीकाकारांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. परंतु परभाषेतील ललित कृती मराठीत आणावयास जो कोणी बसतो, त्याला नामाचे लिंग हे केवळ व्याकरण राहत नाही. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या भाषांतील ग्रंथ आपल्याकडे पुष्कळदा इंग्रजीच्या मार्गाने येतात. त्या मार्गावर मूळ नामांचे लिंग गळून पडते, आणि मराठीच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवताच त्यांना दुसरेच, मराठी लिंग चिकटते. या दोन घटनांत मूळ कृतीचे काय होते, ते तपासावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहिला पाहिजे. लॅटिन भाषेत मराठीप्रमाणेच तीन लिंगे होती. तिच्यापासून निघालेल्या फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि इटालियन या भाषांत नामांचे नपुंसकलिंग लोपले. पूर्वीची नपुंसकलिंगी नामे बहुतेक पुल्लिंगात गेली. काहींचे अनेकवचन आकारान्त असल्यामुळे लोकांस ते स्त्रीलिंगी एकवचनच वाटू लागले. 'फोलिया', म्हणजे पाने, या लॅटिन अनेकवचनावरून इटालियन 'फोल्या', स्पॅनिश 'ओहा' आणि फ्रेंच 'फय' असे 'पान' या अर्थाचे स्त्रीलिंगी शब्द झाले ते याच वाटेने. रुमानियन भाषेत तर एकवचनी पुल्लिंगी आणि अनेकवचनी स्त्रीलिंगी असा नामांचा एक वेगळाच वर्ग आहे. या भाषांनी नामांच्या विभक्तींचा जुना डोलाराही उतरवून ठेवला. रात्रीला लॅटिन प्रथमेत 'नॉक्स' म्हणत, परंतु स्पॅनिश 'नोचे' आणि इटालियन 'नोत्ते' हे शब्द द्वितीयेच्या 'नॉक्टेम' या रूपावरून आले आहेत. विभक्ती गेली, पण लिंग राहिले; उपपद, विशेषण आणि सर्वनाम ही त्याची साक्ष देत राहिली.

इंग्रजीने मात्र दोन्ही सोडले. प्राचीन इंग्रजीत सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि स्त्रीवाचक 'वीफ' हा शब्द चक्क नपुंसकलिंगी होता. सुमारे अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यान ही व्यवस्था मोडली. नामाच्या रूपांत षष्ठीचा एक 's' आणि अनेकवचनाचा दुसरा 's' एवढेच मुख्यत्वे शिल्लक राहिले. 'ऑक्सन', 'फीट', 'माइस' ही रूपे जुन्या वाड्याच्या पडक्या भिंतींसारखी उभी आहेत. पुढे इंग्रज कवी सूर्याला 'तो' आणि चंद्राला 'ती' म्हणू लागले, ते प्राचीन इंग्रजीच्या नेमके उलट आहे. त्यात लॅटिन पुराणकथांचा आणि फ्रेंच काव्याचा संस्कार दिसतो. जहाजाला 'ती' म्हणण्याची त्यांची नाविक रूढीही आता ढिली होत चालली आहे. 'लॉइड्स लिस्ट' या जहाजधंद्याच्या वृत्तपत्राने २००२ साली ती सोडली.

येथे एक शंका साहजिकच उद्भवते. लिंग जर असे इतिहासाच्या अपघाताने ठरत असेल, तर त्यात अर्थ शोधावयाचा तो का? शंका रास्त आहे, आणि तिचे बळ आम्ही कमी लेखीत नाही. समुद्राचाच शब्द घ्या. लॅटिन 'मारे' नपुंसकलिंगी होता. तोच इटालियन व पोर्तुगीज भाषांत पुल्लिंगी, फ्रेंच व रुमानियन भाषांत स्त्रीलिंगी आणि स्पॅनिशमध्ये दोन्ही लिंगी झाला. फूल लॅटिनमध्ये व इटालियनमध्ये पुल्लिंगी आहे. फ्रेंच, स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत ते स्त्रीलिंगी झाले. दूध स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी, फ्रेंच व इटालियनमध्ये पुल्लिंगी. वृक्ष लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी होता; ते लिंग पोर्तुगीजने सांभाळले, इतर भगिनींनी टाकले. यावरून पोर्तुगीज माणसाला झाडाखाली बसल्यावर काही निराळे वाटते, असे कोणी म्हणू लागला तर ते हास्यास्पद होईल. आपण तरी 'ग्रंथ', 'पोथी' आणि 'पुस्तक' हे तीन शब्द तीन लिंगांत वापरतोच. पोथी चाळताना स्त्रीत्वाचा आणि ग्रंथ उघडताना पुरुषत्वाचा विचार कोणाच्या मनात येत नाही.

लिंगाला लागून येणाऱ्या भावना सर्वत्र सारख्या असतात, हेही खरे नव्हे. मराठीत 'डबा' मोठा आणि 'डबी' लहान, 'सुरा' मोठा आणि 'सुरी' लहान. म्हणून स्त्रीलिंग म्हणजे लहान व नाजूक असे आपल्या कानाला वाटते. स्पॅनिशमध्ये 'चार्को' हे पुल्लिंगी नाम पावसाच्या डबक्याचे आहे, तर 'चार्का' हे स्त्रीलिंगी नाम त्याहून मोठ्या पाणथळाचे. 'लेन्यो' म्हणजे एक ओंडका, 'लेन्या' म्हणजे जळाऊ लाकडांचा साठा. तेथे स्त्रीलिंगाकडे विस्तार आणि समूह आहे. शब्द एका भाषेतून दुसरीत गेला की पुष्कळदा अंत्य स्वरच त्याचे लिंग ठरवितो. पोर्तुगीज 'बताता' स्त्रीलिंगी. आपल्याकडे आकारान्त नाम सहसा पुल्लिंगी, म्हणून 'बटाटा' पुरुष झाला. उलट पोर्तुगीज 'बाल्द' पुल्लिंगी. शेवटी ईकार लागताच 'बालदी' स्त्री झाली. या शब्दांत काव्य शोधू नये.

तेव्हा आमचे म्हणणे असे आहे. नामाचे लिंग सामान्यतः निद्रिस्त असते. ते वाक्याची जुळणी करते. अर्थाला स्पर्श करीत नाही. परंतु एखादा लेखक वस्तूला नाते देतो, बोलावयास लावतो, तिच्यावर प्रेम करतो किंवा तिला शत्रू मानतो, तेव्हा ते झोपलेले लिंग जागे होते आणि त्या क्षणापासून अर्थाचा भाग बनते. निद्रिस्त लिंग अनुवादकाने खुशाल सोडून द्यावे. जागे झालेले लिंग सोडले, तर तो मूळ कृतीचा एक अवयवच कापून टाकतो. या दोहोंतील भेद ओळखणे हे अनुवादकाचे पहिले काम, आणि तो त्याने ओळखला की नाही हे पाहणे टीकाकाराचे.

या भेदाचे नामी उदाहरण एका इंग्रजी कथेतच सापडते. अर्नेस्ट हेमिंग्वे यांची 'द ओल्ड मॅन अँड द सी' १९५२ साली प्रसिद्ध झाली. क्यूबातील तो वृद्ध कोळी समुद्राचा विचार नेहमी 'ला मार' असा, स्त्रीलिंगात करतो. समुद्रावर माया असणारे लोक असेच बोलतात, असे त्याला वाटते. तरुण कोळी, ज्यांनी शार्कच्या यकृताला चढा भाव आला असता मोटारीच्या होड्या घेतल्या, ते 'एल मार' असे पुल्लिंगात म्हणतात. त्यांच्या लेखी समुद्र प्रतिस्पर्धी आहे, नुसती एक जागा आहे, वैरीसुद्धा आहे. दोन पिढ्या, दोन धंदे, निसर्गाकडे पाहण्याच्या दोन रीती, यांतील सारे अंतर लेखकाने एका उपपदात साठविले आहे. आणि ते इंग्रजीत साठविता येत नाही म्हणून स्पॅनिश शब्द तसेच उचलून कथेत ठेविले आहेत.

ही कथा पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणली, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. येथे एका अनुवादाचे गुणदोष सांगण्याचा आमचा उद्देश नाही. या कथेला हात घालणाऱ्या कोणाही मराठी लेखकापुढे जी अडचण उभी राहते, ती दाखवावयाची आहे. समुद्र, सागर, दर्या हे आपले रोजचे शब्द पुल्लिंगी आहेत. इंग्रजी निवेदकाला एकदा तो परिच्छेद संपला की समुद्राच्या लिंगाचे ओझे नसते. त्याचे क्रियापद काहीच सांगत नाही. मराठी निवेदकाला मात्र 'समुद्र शांत होता', 'समुद्र काळा पडला', असे पानोपानी लिहावे लागते, आणि प्रत्येक क्रियापद समुद्राला पुरुष ठरवीत जाते. याचा परिणाम विलक्षण आहे. वृद्ध कोळी ज्यांच्याहून निराळा आहे, त्या तरुण कोळ्यांच्या पक्षाला मराठी निवेदक नकळत जाऊन मिळतो! 'सागरमाता' किंवा 'दर्यामाय' असा शब्द घडवून सुटका होईल असे कोणास वाटेल. परंतु वृद्धाच्या मनातील समुद्र ही माता नव्हे. ती देणारी आणि न देणारी, मनस्वी स्त्री आहे. मातेचा शब्द आणला तर नसलेले पावित्र्य आत शिरते. आमच्या मते लेखकाने स्वतः दाखविलेली वाटच येथे बरी. 'ला मार' हा शब्द देवनागरीत ठेवावा, आणि वृद्धाच्या मनातले बोलणे चालू असेल तेथे पुढेही त्याच शब्दाला धरून 'ती' म्हणत जावे. निवेदकाचा समुद्र पुल्लिंगी राहिला तरी वृद्धाचा समुद्र त्याच्यापासून वेगळा ऐकू येईल.

दुसरे उदाहरण त्याहून प्राचीन आहे. असिसीचे संत फ्रान्सिस यांचे सृष्टिस्तोत्र सुमारे १२२५ साली उंब्रिया प्रांताच्या लोकभाषेत रचले गेले. इटालियन साहित्याच्या अगदी आरंभीच्या रचनांत त्याची गणना होते. त्यात सृष्टीतील वस्तूंना भाऊ-बहीण म्हटले आहे. सूर्य, वारा आणि अग्नी हे भाऊ. चंद्र, तारका, पाणी, पृथ्वी आणि मृत्यू या बहिणी. हे नाते संतांनी मनाने वाटून दिलेले नाही. ज्याचे नाम पुल्लिंगी तो भाऊ, ज्याचे स्त्रीलिंगी ती बहीण. भाषेनेच हे कुटुंब आधी मांडून ठेविले होते, संतांनी त्याला हाक मारली. हे लिंगाचे जागे होणे पूर्ण अर्थाने होय. इंग्रजी अनुवादात हेच भाऊ आणि हीच बहीण येतात, कारण इंग्रजी नाम विरोध करीत नाही. पण ते आधारही देत नाही. तेथे नाते कवीच्या लहरीसारखे दिसते.

मराठीत काय होते? सूर्य, वारा आणि अग्नी आपल्याकडेही पुल्लिंगी आहेत. पृथ्वी स्त्रीलिंगी आहे, आणि तारकांना 'चांदण्या' म्हटले की त्याही बहिणी शोभतात. आठांपैकी पाच नाती अशी सहज जुळली. राहिली तीन. चंद्र पुल्लिंगी, पाणी नपुंसकलिंगी, मृत्यू पुल्लिंगी. येथे मराठीची एक शक्ती कामास येते, तिच्याकडे अनुवादकांनी अधिक लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते. तत्पुरुष समासात सामान्यतः शेवटचे पद लिंग ठरविते. 'चंद्रकला', 'जलधारा', 'मृत्युदेवता' हे शब्द स्त्रीलिंगी आहेत, आणि तरीही चंद्र, जल व मृत्यू त्यांच्या पोटात तसेच आहेत. अशा शब्दांनी बहिणीचे नाते व्याकरणाच्या अंगाने सिद्ध होते; वाचकाला 'बहीण चंद्र' असा खडा दाताखाली लागत नाही.

या तिघींपैकी मृत्यूचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे, कारण स्तोत्राचे सारे वजन तिथे येऊन पडते. मृत्यूचे ते कडवे १२२६ साली, स्वतःचा अंत जवळ आला असता, संतांनी जोडले असे परंपरा सांगते. लॅटिनोद्भव भाषांत मृत्यू स्त्रीलिंगी आहे, आणि तेथील कवींनी तिला स्त्री म्हणूनच पाहिले. पेट्रार्कच्या मृत्युविषयक विजयकाव्यात ती काळ्या वस्त्रांतील बाई होऊन येते. इंग्रजीत मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये, म्हणजे १६६७ साली, मृत्यू हा पापाच्या पोटी जन्मलेला पुत्र आहे. भयंकर पुरुष आणि काळी बाई, यांच्याबरोबर आपण यमाला आणून बसवू; म्हणजे 'बहीण मृत्यू' हे म्हणणे मराठी मनाला किती परके, ते ध्यानात येईल. मरणाला बहीण म्हणण्यातला धीर हाच त्या कडव्याचा प्राण आहे. 'मृत्यू हा आपला बंधू' असे लिंगाच्या सोयीसाठी लिहिले, तर वाक्य शुद्ध होईल. पण सेवाशुश्रूषा करावयास उशाशी येऊन बसणारी बहीण नाहीशी होईल.

परंतु हे परकेपण वाटते तितके खोल नाही. महाभारताच्या शांतिपर्वात मृत्यूची एक कथा आहे. प्रजा अनावर वाढली तेव्हा ब्रह्मदेवापासून मृत्यू उत्पन्न झाली, ती स्त्रीरूपाने. प्राण्यांचे प्राण हरण करण्याचे काम तिला नकोसे झाले. ती रडू लागली, ब्रह्मदेवाने तिचे अश्रू ओंजळीत धरले आणि तेच पुढे व्याधी झाले. संस्कृतात साधारणतः पुल्लिंगी असलेला शब्द येथे स्त्री होतो, आणि तीही दयेने व्याकूळ झालेली. अर्थात् आपल्या परंपरेत ही वाट पूर्वीच पडलेली आहे. शिवाय इंदूर किंवा ग्वाल्हेर येथील मराठी माणसाला शेजारची हिंदी रोज ऐकू येते; त्या हिंदीत 'मृत्यु' आणि 'मौत' हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगीच आहेत. अनुवादकाने मराठीवर बळजबरी न करता महाभारताची आठवण जागी करणारा शब्द योजला, तर फ्रान्सिसची बहीण आपल्या घरात ओळखीची होईल.

नपुंसकलिंगाचा धोका आणखी निराळा. सेंट-एक्झुपेरी यांच्या 'ल पती प्रँस' या १९४३ सालच्या पुस्तकात छोट्या राजपुत्राच्या ग्रहावर एक गुलाब उमलतो. फ्रेंचमध्ये फूल आणि गुलाब ही दोन्ही नामे स्त्रीलिंगी. म्हणून त्या फुलाचा नखरा, रुसवा आणि त्यामागचे प्रेम वाचकाला पहिल्या वाक्यापासून स्त्रीचे वाटते, आणि तसे मुद्दाम सांगावे लागत नाही. मराठीत गुलाब पुल्लिंगी आणि फूल नपुंसकलिंगी. 'ते' म्हणावे तर आपल्या भाषेत मूल, पिल्लू, कोकरू, वासरू यांचे ते लिंग. राजपुत्राचे प्रेम एकदम वात्सल्य होऊन बसते. 'तो' म्हणावे तर सख्यभाव होतो. 'फुलराणी' म्हणावे तर त्या शब्दाला बालकवींच्या कवितेचा गंध आहे, आणि जी गोष्ट राजपुत्राला फार उशिरा कळते ती वाचकाला आधीच सांगितल्यासारखी होते. येथे मूळ कथेतील क्रमच मदतीला येतो. ते फूल उमलण्यापूर्वी पुष्कळ दिवस कळीच असते. मराठीत कळी स्त्रीलिंगी. कळी असतानाच वाचकाची तिच्याशी 'ती' म्हणून ओळख झाली, की पुढे पाकळ्या उघडल्यावरही तिला 'ती' म्हणताना कानाला काही खटकत नाही.

आतापर्यंत लिंग गमावल्याची हानी पाहिली; परंतु कधी लिंग नसणे हेच कवीचे धन असते. शेक्सपिअरची सुनीते १६०९ साली छापली गेली. त्यांतील अठरावे सुनीत सुटे वाचले तर ज्याला ते उद्देशून आहे ती व्यक्ती पुरुष की स्त्री, हे त्यात कोठेच सांगितलेले नाही. मराठीत 'तू आलास' किंवा 'तू आलीस' असे लिहिताच तो पडदा फाटतो. येथेही भाषेचा अभ्यास उपयोगी पडतो. आपल्या भविष्यकाळात, 'तू येशील', 'तू राहशील' अशा रूपांत, लिंग दिसत नाही. 'तुझे' हे रूप ज्याची मालकी त्या वस्तूप्रमाणे बदलते, मालकाप्रमाणे नव्हे. फ्रेंच 'सों' आणि 'सा' हीही तशीच आहेत. इंग्रजी 'हिज' व 'हर' मालकाचे लिंग सांगतात, वस्तूचे नाही. मराठी 'त्याचे' आणि 'तिची' ही रूपे मात्र दोहोंचे सांगून मोकळी होतात. आन गारेता या फ्रेंच लेखिकेने १९८६ साली 'स्फिंक्स' ही कादंबरी निवेदक आणि त्याचे प्रेमपात्र यांपैकी कोणाचेही लिंग उघड न करता लिहिली. फ्रेंचमध्ये ज्या जागी वाट अरुंद, त्या जागी इंग्रजीत मोकळी. आणि फ्रेंचमध्ये 'सों'ने जिथे आडोसा दिला, तिथे इंग्रजीत 'हिज' की 'हर' असा प्रश्न उभा. अशी कादंबरी मराठीत आणावयाची तर निवेदकाच्या 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांच्यापाशीच प्रत्येक पानावर अडावे लागेल. कोणतीही भाषा सर्व लपवू शकत नाही आणि सर्व सांगतही नाही; काय सांगावयास ती भाग पाडते, यात तिचा स्वभाव असतो.

तेव्हा अनुवादकाने लॅटिनोद्भव भाषेतील कृती इंग्रजीवरून घेतली, तरी निदान जेथे वस्तूला नाते, वाणी किंवा प्रेम मिळाले आहे, त्या जागी तरी मूळ भाषेचा शब्दकोश उघडावा. त्या नामाचे लिंग पाहावे, आणि मग मराठीत ते समासाने, दुसऱ्या शब्दाने, मूळ शब्द ठेवून किंवा काळ बदलून कसे सांभाळता येईल, ते ठरवावे. इतरत्र मराठीला तिच्या चालीने चालू द्यावे. हे काम मोठ्या विद्वत्तेचे नाही, सावधपणाचे आहे.

आणि हा सावधपणा महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हा मराठी भाषकांना अधिक सहज साधावा. बेळगावच्या आसपास कानडी ऐकू येते. तिच्यात पुरुष, स्त्री आणि इतर सर्व असा अर्थानुसारी भेद आहे, तो इंग्रजीच्या जवळचा आहे. हैदराबादेत तेलुगूच्या एकवचनात स्त्रीवाचक नामेही वस्तूंच्याच रांगेत बसतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या हिंदीत फ्रेंचप्रमाणे दोनच लिंगे. बडोद्याच्या गुजरातीत आणि गोव्याच्या कोंकणीत मराठीप्रमाणे तीन. आणि त्याच गोव्यात साडेचार शतके पोर्तुगीज वावरली. आपल्या भाषेखेरीज जगाची दुसरीही वाटणी असू शकते, हे ज्याला घराबाहेर पडताच कळते, त्याने तरी परक्या भाषेतल्या बहिणीला आपल्याकडे आणताना तिचा भाऊ करून टाकू नये.